तैलरंगाचे ब्रश दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत कसे ठेवावेत?

मांडवीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी गेली चार वर्षे तैलरंगात चित्रे काढते. नोकरीमुळे चित्राला सलग दिवस मिळत नाहीत. आठवड्याच्या मध्ये एखाद्या रात्रीचे दोन तास आणि शनिवार-रविवारची सकाळ एवढाच वेळ हाती असतो, त्यामुळे एकेका चित्रावर महिना-दीड महिना काम चालते आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी रंगाने भरलेल्या सात-आठ ब्रशांचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

पहिली दोन वर्षे मी ते टर्पेंटाइन भरलेल्या काचेच्या बरणीत उभे करून ठेवत होते. त्यात डुकराच्या केसांच्या दोन चांगल्या फ्लॅट ब्रशांची टोके कायमची एका बाजूला वाकली, एकाच्या दांड्यावरच्या वार्निशाचे पापुद्रे निघाले आणि एकाचा दांडा केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या टोपीतून सुटून हातात आला. त्यानंतर मी प्रत्येक बैठकीनंतर सगळे ब्रश साबणाने धुऊ लागले. ब्रश सुधारले, पण रात्री अकरानंतर मोरीत उभे राहून पाऊण तास ब्रश धुणे आता नको वाटते, आणि खरे सांगायचे तर धुण्याच्या कंटाळ्याने मी काही वेळा रंगवायलाच बसत नाही. याचे मला फार वाईट वाटते. शिवाय आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेला ब्रश दोन-दोन दिवस ओलसर राहतो. मागच्या पावसाळ्यात ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या तीन ब्रशांवर पांढरी बुरशी आली होती.

माझ्याकडे डुकराच्या केसांचे सहा ब्रश, सेबलच्या (प्राण्याच्या मऊ) केसांचा, गोलसर टोकाचा एक चपटा ब्रश (फिल्बर्ट) आणि कृत्रिम केसांचे दोन ब्रश आहेत. एक-दोन दिवसांच्या खंडासाठी, चार-पाच दिवसांच्या खंडासाठी आणि पावसाळ्यात महिना-दोन महिने काम थांबते तेव्हासाठी ब्रश ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत का? एका मैत्रिणीने ब्रश प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितले, तर दुसरीने खोबरेलात बुडवून ठेवायला. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे आणि रंगकामाची जागा म्हणजे बंद केलेली एक बाल्कनी, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

तैलरेषा (पुणे)

आपला प्रश्न वाचून माझ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली, कारण वर्गात दरवर्षी सर्वांत जास्त ब्रश टर्पेंटाइनच्या बरणीतच खराब होतात. मी बावीस वर्षे चित्रकला शिकवतो आहे. जी पद्धत मी स्वतः पाळतो, तीच कारणांसह लिहितो, म्हणजे आपल्याला तिच्यात आपल्या सोयीने बदल करता येतील.

जलरंग वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. तैलरंगातून तसे काही उडून जात नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून एक चिवट पडदा तयार होतो. सुरुवातीच्या काळात तर वाळणाऱ्या थराचे वजन किंचित वाढते. एकदा हे जोडकाम पुरे झाले की टर्पेंटाइनने तो पडदा पुन्हा विरघळत नाही, म्हणूनच वाळलेला ब्रश नुसत्या टर्पेंटाइनमध्ये ठेवून सुटत नाही. याचा अर्थ असा, की थोड्या दिवसांसाठी ब्रश राखायचा असेल तर केसांपर्यंत हवा पोचू न देणे किंवा ते जोडकाम मंदावणे पुरेसे असते, आणि त्यासाठी दर वेळी ब्रश अगदी स्वच्छ करण्याची गरज नसते.

मग टर्पेंटाइनची बरणी का चालत नाही, हे विचारणे साहजिक आहे. पहिले कारण आपण अनुभवलेच आहे: ब्रशाचा सगळा भार टोकावर येतो आणि ओल्या केसांना तोच बाक बसतो. दुसरे कारण दिसत नाही, पण अधिक घातक आहे. पातळ झालेला रंग केसांच्या मधून वर चढून टोपीच्या आत जातो, तिथे सावकाश घट्ट होतो आणि केसांचा मुळाशी पसारा करतो, मग ब्रशाची धार कधीच जुळत नाही. तिसरे म्हणजे टर्पेंटाइन केसांतला नैसर्गिक स्निग्धपणा काढून घेते, त्यामुळे ते ठिसूळ होतात. बरणीच्या तळाशी रंगद्रव्याचा गाळ साचतो आणि ब्रशाची टोके नेमकी त्या गाळात रुतून राहतात, हे वेगळेच.

एक ते चार दिवसांच्या खंडासाठी मी करडईचे तेल वापरतो, स्वयंपाकाला आणतो तेच. बैठक संपली की जुन्या सुती फडक्यात ब्रश धरून टोपीपासून टोकाकडे दाबत रंग पुसून काढायचा. हे पुसणे जितके मनापासून होईल तितके पुढचे काम हलके होते. निम्म्याहून अधिक रंग फडक्यातच जायला हवा. मग टर्पेंटाइनच्या पहिल्या डब्यात खळबळून पुन्हा पुसायचा आणि दुसऱ्या, स्वच्छ डब्यात एकदा बुडवून पुन्हा पुसायचा. त्यानंतर केस करडईच्या तेलात बुडवून बोटांनी हलकेच दाबायचे, म्हणजे तेल मुळापर्यंत जाते. मग ब्रश स्टीलच्या पसरट ट्रेमध्ये आडवा ठेवायचा. ट्रेच्या ज्या बाजूला दांडे येतात तिच्याखाली घडी केलेले फडके सरकवावे, म्हणजे उतार केसांकडे राहतो आणि तेल टोपीत शिरण्याऐवजी टोकाकडे उतरते. आठ ब्रशांना मला दहा मिनिटे लागतात.

करडईच का, तर तेही वाळणाऱ्या तेलांपैकीच आहे, पण जवसापेक्षा पुष्कळ सावकाश वाळते. जवसात लिनोलेनिक आम्ल भरपूर असते आणि त्याच्या रेणूत ऑक्सिजनला धरायच्या तीन जागा असतात. आपल्याकडच्या पारंपरिक करडईत लिनोलेइक आम्ल अधिक असते आणि त्याच्या रेणूत अशा दोनच जागा असतात. रंग बनवणारे कारखानेही पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी पुष्कळदा करडईचे तेल वापरतात, कारण ते जवसाइतके पिवळे पडत नाही. त्यामुळे पुढच्या बैठकीत ब्रश पुसल्यावर केसांत तेलाचा अंश राहिला, तरी चित्राचे नुकसान होत नाही. तो रंगाबरोबर वाळतो. खोबरेलाचे तसे नाही. ते कधीच वाळत नाही, आणि त्याचा अंश रंगात मिसळला तर तेवढी जागा महिनोन्‌महिने चिकट राहू शकते. शिवाय साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठते, म्हणजे पुण्याच्या थंडीत सकाळी ब्रश मेणात रोवल्यासारखे निघतील. शेंगदाण्याचे तेलही वाळत नाही, म्हणून तेही टाळावे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. रंगद्रव्यांचा वाळण्याचा वेग सारखा नसतो. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर या तपकिरी रंगांत मँगनीज असते आणि ते तेलाला झपाट्याने वाळवते. कॅडमियमचे लाल-पिवळे आणि आयव्हरी ब्लॅक हे मात्र बरेच सावकाश वाळतात. म्हणून अंबरात फिरलेला ब्रश तेलात ठेवण्याआधी अधिक काळजीने साफ करावा. रंग लवकर वाळावा म्हणून आपण त्यात अल्किड माध्यम मिसळत असाल, तर तो ब्रश अशा रीतीने ठेवूच नये, त्याच रात्री साबणाने धुवावा, कारण ते माध्यम एका दिवसात हाताला कोरडे लागते.

चार-पाच दिवसांहून मोठा खंड पडणार असेल तर मात्र साबणाला पर्याय नाही. टर्पेंटाइनमध्ये धुऊन पुसल्यावर अंघोळीच्या साध्या साबणाची वडी तळहातावर ओली करून त्यावर ब्रश गोल फिरवावा, फेस पांढरा येईपर्यंत. पाणी गार किंवा कोमट असावे, कढत नको. कढत पाण्याने टोपीतला चिकट पदार्थ सैल होतो. कपडे धुण्याचा सोडा वापरू नये. डुकराचे असोत वा सेबलचे, केस म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखे आणि लोकरीसारखे, आणि तीव्र अल्कलीने ते खराब होते. मी सेबलसाठी रिठ्याचे पाणी वापरतो, जसे आपल्याकडे लोकरीचे आणि रेशमाचे कपडे धुवायला वापरतात. शेवटी बोटांनी आकार देऊन ब्रश आडवाच वाळू द्यावा. ओला ब्रश केस वर करून पेल्यात उभा ठेवला, तर पाणी टोपीत उतरते, आतले लाकूड फुगते, वाळल्यावर आकसते आणि असे काही वेळा झाले की दांडा सुटतो. आपल्या सुटलेल्या दांड्यामागे हेही कारण असावे असे मला वाटते.

आणखी एक सुचवतो. आठ ब्रशांऐवजी चार ब्रशांत काम करून पाहा: उबदार फिक्या छटांना एक, थंड फिक्या छटांना एक, गडद छटांना एक आणि रेषेसाठी एक. धुण्याचे काम निम्मे होते आणि चित्रातले रंगही कमी गढूळ होतात.

पाटीरंगारी (कोल्हापूर)

ताई, मी चित्रकार नाही. तीस वर्षे दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची अक्षरे रंगवली. फ्लेक्स आल्यावर काम कमी झाले, पण अजूनही काही जुनी गिऱ्हाइके हाताचीच पाटी मागतात. आमचे काम इनॅमल रंगात असते आणि तोही तेलाच्या जातीचाच रंग असल्यामुळे वरच्या सरांनी दिलेले कारण आम्हालाही लागू पडते. पद्धत मात्र वेगळी आहे.

अक्षरांचे ब्रश खारीच्या केसांचे, लांब आणि फार मऊ असतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते हे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, एका लांब पत्र्याच्या डब्यात इंजिन ऑइलच्या थरावर आडवे ठेवत, केस सरळ ओढून, एकमेकांना न चिकटवता. त्या तेलात ब्रश सहा महिने पडून राहिला तरी मऊच निघे. माझ्याकडे त्यांनी दिलेला एक ब्रश आहे, अठरा वर्षे तसाच ठेवलेला, आणि त्याने आजही मी ‘श्री’ची वेलांटी एका ओढीत काढतो. करडईबद्दल माझे मत सांगायचे तर पंधरा दिवस विसरलात की ते गोंदासारखे होते, कारण ते वाळणारे तेल आहे, जसे सरांनीच लिहिले आहे. इंजिन ऑइल विसराळू माणसालाही सांभाळून घेते.

त्याची किंमत मात्र सकाळी चुकवावी लागते. काम सुरू करण्याआधी ब्रश तीन वेळा धुवावा लागतो आणि प्रत्येक वेळी कोऱ्या कापडावर पुसून कापडावर तेलाचा डाग उमटत नाही ना, ते बघावे लागते. एकदा घाईत दोनदाच धुतला आणि एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची चार अक्षरे आठ दिवस वाळली नाहीत, रस्त्यावरची सगळी धूळ त्यांच्यावर बसली. ती पाटी मी पदरच्या रंगाने पुन्हा करून दिली. तुमच्या चित्रात असे झाले तर कॅनव्हास वाया जाईल, म्हणून तुम्ही हे करावे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

भिंतीचे तीन आणि चार इंची ब्रश आम्ही रात्रीपुरते पाण्यात टांगतो. दांड्याला भोक पाडून त्यातून तार ओवायची, तार बादलीच्या काठांवर आडवी टेकवायची आणि केस तळापासून दोन बोटे वर लटकत ठेवायचे. पाणी केस बुडतील इतकेच, टोपीच्या वर जाऊ द्यायचे नाही. रंग तेलाचा असल्यामुळे पाण्यात मिसळत नाही, आणि हवा लागत नसल्यामुळे वाळत नाही. सकाळी झटकून, पुसून, थोड्या टर्पेंटाइनमध्ये फिरवून लगेच कामाला लागता येते. एका रात्रीपुरती याच्याइतकी स्वस्त आणि बिनवासाची पद्धत मी पाहिलेली नाही. डिस्टेंपर किंवा इमल्शनचा ब्रश मात्र असा ठेवून उपयोग नाही. तो रंग पाण्याचाच असतो, त्यामुळे सगळा पाण्यात उतरतो, आणि ब्रश संध्याकाळी नळाखाली धुऊन टाकणेच बरे.

मांडवीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पाण्यात टांगण्याची पद्धत मी कधी ऐकलीच नव्हती. बाल्कनीत टर्पेंटाइनचा वास कोंडतो ही माझी मोठी अडचण आहे, त्यामुळे ती फार आकर्षक वाटते. मंगळवारी रंगवून बुधवारी पुन्हा बसणार असेन, तर डुकराच्या केसांच्या ब्रशांना ती चालेल का? आणि फ्रीझरबद्दल कोणी लिहिलेले नाही. आईचा त्याला ठाम विरोध आहे, पण तो नुसत्या किळसेपोटी आहे की त्यात तथ्य आहे, हे समजून घ्यायला आवडेल.

तैलरेषा

एका रात्रीसाठी चालेल, पण सेबलसाठी करू नका. डुकराचे केसही पाणी पिऊन नरम पडतात आणि त्यांचा ताठपणा परतायला काही तास लागतात, म्हणून सकाळी पाण्यातून काढून, पुसून ठेवा आणि संध्याकाळी वापरा. पाण्याचा थेंब राहिला तर तो रंगात मिसळतो आणि थर नीट बसत नाही. पाटीरंगारींचे ‘टोपीच्या वर पाणी नको’ हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

इंजिन ऑइलबद्दल त्यांनी स्वतःच सावध केले आहे. पाटीवर रंगाचा एकच थर असतो, तर चित्रात एकावर एक पाच-सहा थर येतात, आणि खालचा थर न वाळता वरचा वाळला तर तडे जातात. म्हणून आपल्यासाठी मी करडईवरच ठाम आहे. लांबच्या खंडासाठी ते ठेवायचेच नाही, हे मान्य.

रसायनवही (चंद्रपूर)

फ्रीझरच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी पत्नी तैलरंगात काम करते, त्यामुळे ही चर्चा आमच्या घरात पूर्वीच होऊन गेली आहे.

तत्त्व बरोबर आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो, असा एक ढोबळ नियम आहे. खोलीत ३० अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश धरले, तर हा वेग निम्म्याने जवळजवळ पाच वेळा कमी होतो, म्हणजे तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. प्रत्यक्षात हिशेब इतका काटेकोर नसतो, पण प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला ब्रश फ्रीझरमध्ये आठवडाभर सहज ओला राहतो, हे आम्ही पाहिले आहे. ॲक्रिलिकच्या ब्रशांना मात्र हा उपाय लावू नये. त्या रंगातले पाणी गोठले की त्यातले सूक्ष्म कण एकत्र येऊन रंग फाटतो.

तरीही आपल्या आईंचे म्हणणे योग्य आहे, असे मी स्पष्ट सांगेन. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी साठू शकते. फ्रीझरमध्ये तापमान कमी असते हे खरे, पण ब्रश दाराच्या कप्प्यात किंवा खालच्या भागात ठेवला गेला, डबी उघडी राहिली, तर बंद जागेत वाफ साचते, आणि घरगुती फ्रिजमध्ये दिव्याचे बटण व थर्मोस्टॅट यांतून बारीक ठिणगी पडू शकते. दुसरे म्हणजे कॅडमियम, कोबाल्ट आणि शिशाचे पांढरे ही रंगद्रव्ये खाण्याच्या वस्तूंजवळ असणे मला मान्य नाही, विशेषतः जिथे सहा वर्षांचे मूल स्वतः बर्फ काढायला फ्रीझर उघडते. वेगळा लहान फ्रिज असेल आणि ब्रश फक्त फडक्याने पुसलेला, टर्पेंटाइन न लावलेला असेल, तरच हा उपाय करावा. बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच सोडू नये, कारण थंड केसांवर हवेतले दव धरते. अर्धा तास तसाच राहू द्यावा.

हेच ३५ अंश लक्षात ठेवून एक विनंती करतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रत्नागिरीत तितका जात नसला, तरी बंद बाल्कनीत दुपारी सहज ३५ ओलांडत असेल. टर्पेंटाइनचे दोन्ही डबे घट्ट झाकणाचे, धातूचे असावेत आणि उन्हात राहू नयेत. गढूळ टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. दोन दिवस झाकून ठेवले की गाळ खाली बसतो, वरचे निवळ दुसऱ्या डब्यात ओतून पुन्हा वापरता येते, आणि असे कित्येक महिने चालते. गाळ वर्तमानपत्रावर पसरून वाळवावा आणि मग कचऱ्यात द्यावा.

ज्या गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरांच्या पद्धतीत ब्रश पुसायला फडकी भरपूर लागतात. जवसाचे तेल ऑक्सिजन घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. फडके पसरलेले असेल तर ती हवेत निघून जाते. पण तीच फडकी चुरगळून बादलीत किंवा पिशवीत कोंबली, तर उष्णता आत साठत जाते, तापलेले तेल अधिक वेगाने ऑक्सिजन घेते, आणि काही तासांत ढीग आपोआप पेटू शकतो. यासाठी काडी लागत नाही की ठिणगी. फडकी एकेक करून दोरीवर मोकळी पसरावीत आणि कडक झाल्यावर टाकावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. आपण हे आजपासूनच करावे, ब्रशांचे काहीही ठरले तरी.

ओलाकागद (दापोली)

मी जलरंगात काम करतो, त्यामुळे वरच्या तेलांच्या चर्चेत मला भर घालता येणार नाही. जलरंगातला बाभळीच्या जातीचा डिंक पाण्यात केव्हाही पुन्हा विरघळतो, म्हणून आमचे ब्रश नुसत्या पाण्याने साफ होतात. पण पावसाळ्यातल्या साठवणीचा प्रश्न दापोलीचा आणि रत्नागिरीचा एकच आहे, आणि त्यात मी पुष्कळ नुकसान सोसले आहे.

पाच वर्षांपूर्वी मी कोलिन्स्की सेबलचे तीन ब्रश, ज्यांसाठी वर्षभर पैसे साठवले होते, प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून जूनमध्ये कपाटात ठेवले. गणपतीच्या आधी उघडले तर दोघांवर बुरशी होती आणि तिसऱ्याचे केस मध्येच कात्रीने कापल्यासारखे तुटलेले होते. ती कसर होती, शाली आणि लोकरी कपडे खाणारीच. तिच्या अळ्यांना केराटिन पचते, त्यामुळे प्राण्यांच्या केसांचा ब्रश हे त्यांचे अन्नच असते. कृत्रिम केसांना त्या तोंड लावत नाहीत. म्हणून आपल्या त्या दोन ब्रशांची चिंता करू नका.

आता मी असे करतो. पावसाळ्याआधी ब्रश शेवटचे मे महिन्याच्या अखेरीस धुतो, हवा कोरडी असतानाच. तीन दिवस पंख्याखाली, जाळीवर आडवे वाळवतो. टोपीच्या आतली ओल बाहेरच्या केसांपेक्षा फार उशिरा जाते, म्हणून हाताला कोरडा लागला तरी तो कोरडा झालेला नसतो. उन्हात वाळवत नाही, केस खरखरीत होतात. मग बांबूच्या काड्यांच्या लहान चटईत एकेक ब्रश सुटा गुंडाळतो, म्हणजे हवा खेळती राहते, आणि ती गुंडाळी सुती पिशवीत घालून, आत कापराच्या दोन-तीन वड्या आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवून, वरच्या फळीवर ठेवतो. डांबराच्या गोळ्या वापरत नाही. लहान मूल असलेल्या घरात त्या नकोच, आणि काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडते. दर पंधरा दिवसांनी, ऊन पडलेल्या दिवशी, गुंडाळी उघडून दोन तास वाऱ्यावर ठेवतो आणि कापूर बदलतो. या पद्धतीने चार पावसाळे एकही ब्रश गेलेला नाही.

ब्रश पूर्ण स्वच्छ असणे इथे फार महत्त्वाचे आहे. केसांत साबण, तेल किंवा डिंक राहिला तर बुरशी आणि कसर दोघांनाही तेच हवे असते. त्यामुळे करडईत ठेवलेला ब्रश तसाच पावसाळ्यासाठी गुंडाळू नये. आणि कोणी स्वस्तात मुंगसाच्या केसांचे ब्रश देऊ केले तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. आज मिळणारे चांगले कृत्रिम केस त्या कामाला पुरतात आणि पावसाळ्यातही टिकतात.

मांडवीकाठ

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले की त्याचे पुढे काय झाले, हे कळवणे मला आवश्यक वाटते.

करडईच्या तेलाचा ट्रे मी त्याच शनिवारी सुरू केला. शनिवार ते मंगळवार ब्रश अगदी मऊ राहतात, आणि काम थांबवल्यापासून झोपायला जाईपर्यंत मला पंधरा मिनिटे पुरतात. मागच्या महिन्यात मी आठवड्याच्या मध्ये चारही वेळा रंगवायला बसले, यात मला सर्व काही आले. ट्रेबाबत एक अडचण मात्र कोणी सांगितली नव्हती: दुसऱ्याच रात्री तेलावर झुरळे आली. खाण्याचे तेल ते खाणारच. आता मी त्यावर घट्ट बसणारे झाकण ठेवते आणि ट्रे कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, मुलाचा हात पोचणार नाही असा असतो.

पाण्यात टांगण्याची पद्धत दोनदा करून पाहिली. काम चांगले झाले, पण केस संध्याकाळपर्यंत नरमच वाटले, त्यामुळे मोठ्या, पार्श्वभूमी भरायच्या ब्रशापुरतीच ठेवली आहे. फडक्यांबद्दल वाचल्यावर मी त्याच रात्री उठून बाल्कनीतली पिशवी उघडली; आतली फडकी हाताला कोमट लागली. तेव्हापासून ती कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर एकेक लावते.

एक चूक झाली. बर्न्ट अंबरचा फ्लॅट ब्रश घाईत नीट न पुसता तेलात ठेवला आणि पाचव्या दिवशी केसांच्या मुळाशी रंग डिंकासारखा घट्ट झालेला आढळला. टोक मऊ आहे, पण मुळापाशी केस पसरत आहेत. तो वाचेल का?

तैलरेषा

अजून डिंकासारखा असेल तर वाचेल. कोरडा कडक झाल्यावर कठीण जाईल, म्हणून आजच करा. ब्रश पुन्हा करडईच्या तेलात बुडवून मुळाशी बोटांनी चोळा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी साबणाची वडी घासून केसांत फेस मुरू द्या. फेस वाळू न देता अर्ध्या तासाने नखाने, टोपीपासून टोकाकडे, रंग ओढून काढा. उलट दिशेने ओढला तर केस मुळातून उपटतात. हे तीन-चार दिवस रोज करावे लागेल आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा रंग निघेल. शेवटी केसांवर साबणाचा पातळ थर ठेवून, दोन बोटांत दाबून धार द्या आणि कागदाच्या पट्टीत गुंडाळून दोन दिवस आडवा ठेवा. पसारा पूर्ण गेला नाही तरी तो ब्रश झाडांची पाने आणि गवत काढायला उत्तम चालेल, टाकू नका.